डिकीतला निरोप्या

पोलिसाला सगळं ऐकू येतं, पण त्याचं कुणाला ऐकू जात नाही. बिनतारी संपर्कातली ही सगळ्यात फसवी अवस्था. कंट्रोल रूमचा आवाज खणखणीत येत असल्यामुळे त्याला वाटतं, आपलंही पोचतंय.

कारण साधं आहे. टॉवरवरचा प्रक्षेपक शंभरेक वॅटचा असतो आणि तो उंचावर असतो. कमरेचा वॉकीटॉकी जेमतेम तीन ते पाच वॅटचा, अँटेना वीतभर, तीही अंगाला चिकटलेली. बरीचशी शक्ती शरीरच शोषून घेतं. अमेरिकेतल्या विरळ वस्तीच्या राज्यांत पुढचा टॉवर डोंगरापलीकडे असतो. गस्तीच्या गाडीतल्या संचाची गोष्ट वेगळी. तो पन्नास ते शंभर वॅटचा, अँटेना थेट टपावर, आणि वीज गाडीच्या बॅटरीतून.

म्हणून तिथल्या पोलीस आणि अग्निशमन दलांनी गाडीलाच मध्यस्थ केलं. डिकीत रिपीटरचा छोटा डबा बसवतात. पोलीस गाडीतून उतरला की त्याचा वॉकीटॉकी फक्त या डब्याशी बोलतो. डबा तो आवाज गाडीच्या संचाला देतो आणि संच तो टॉवरकडे धाडतो. उत्तर उलट वाटेनं परत येतं.

खरी पंचाईत डब्याच्या आत असते. गाडीचा संच बोलत असताना त्याच टपावरच्या दुसऱ्या अँटेनाला वॉकीटॉकीचा क्षीण आवाज टिपायचा असतो. दोन्ही फ्रीक्वेन्सी जवळच्या असल्या, तर डबा बहिराच होतो. त्यासाठी फिल्टर लावतात, नाहीतर एक दुवा व्हीएचएफवर आणि दुसरा यूएचएफवर किंवा ७००-८०० मेगाहर्ट्झवर ठेवतात.

आणि घटनास्थळी सहा गाड्या जमल्या तर? सहाही डबे एकच वाक्य एकदम टॉवरकडे फेकतील आणि नुसता गोंगाट होईल. यावरची तोड मला फार आवडते. बऱ्याच यंत्रांत नवी गाडी आली की तिचा डबा एक छोटा सूर सोडतो. तो ऐकून आधीचे डबे आपापला क्रमांक एकानं वाढवतात आणि गप्प बसतात. म्हणजे मान शेवटी आलेल्याचा! ती गाडी निघून गेली आणि वॉकीटॉकीच्या हाकेला कुणीच ओ दिली नाही, तर उरलेले डबे थोडं थांबून क्रमांक उतरवत जातात. जो एकवर येतो तो काम हाती घेतो. वर कुणी मुकादम लागत नाही.

रिपीटर मात्र चालू केलेला हवा, आणि तो चालू आहे हे माणसांना कळायलाही हवं. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३च्या बॉम्बस्फोटानंतर अग्निशमन दलासाठी इमारतीचाच रिपीटर बसवला होता. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्याच्या वेळी उत्तर टॉवरच्या लॉबीतल्या कन्सोलवरच्या दोन बटणांपैकी एक दाबलंच गेलं नाही. लॉबीतल्या अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली आणि यंत्र बंद आहे असं समजून ते सोडून दिलं. ते बंद नव्हतं. दक्षिण टॉवरमध्ये त्याचा वापर झाला, असं चौकशी आयोगाच्या अहवालात नोंदलं आहे.

गाडीतल्या रिपीटरलाही मर्यादा आहेच. गाडीच खोल दरीत उभी असेल, तर डबा निरोप घेईल, पण पुढे देणार कुणाला? उंच इमारतींत अडचण उलटी: गाडी खाली रस्त्यावर आणि माणसं चाळिसाव्या मजल्यावर. म्हणून न्यूयॉर्कच्या दलानं बटालियन चीफच्या गाड्यांतल्या रिपीटरवरच भिस्त न ठेवता, हातात धरून जिने चढता येईल असा जास्त ताकदीचा ‘पोस्ट रेडिओ’ही तयार करून घेतला.