संतांच्या हातात काय होतं? मुलांना संत सांगण्याची एक घरगुती रीत

समोर पालक आहेत, धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवणारे काही जण आहेत. हे व्याख्यान नंतर ऑनलाइन वाचणारेही असतील, आणि ते सगळे ख्रिस्ती असतील असं नाही. म्हणून चर्चमधले शब्द येतील तिथे थोडं थांबून सांगत जाईन.

विषय असा आहे : कॅथलिक घरातल्या मुलांना आपले संत कसे सांगायचे? पुस्तकातून नाही, प्रवचनातून नाही. हातांनी काही करता करता आणि घरात राहता राहता.

आधी नाशिकच्या मुलाची अडचण समजून घेऊ. त्याच्या कानावर एकच गोष्ट तीन रूपांत पडते. शाळेच्या पुस्तकात 'संत' म्हणजे ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम. निवृत्तिनाथांची समाधी तर इथे त्र्यंबकेश्वरलाच आहे, पौषात दिंड्या जाताना तो बघतो. रविवारी मिस्सेला 'संत' म्हणजे संत अण्णा, संत योसेफ, संत अंतोनी. आणि इंग्रजी शाळेच्या फाटकावर 'सेंट'. आता मराठी घरात सेंट म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. अत्तर! तेव्हा सेंट झेवियर हे एका माणसाचं नाव आहे, तो १५४२ मध्ये गोव्यात उतरला आणि रस्त्यात घंटा वाजवत पोरं गोळा करायचा, हे त्या शाळेत दहा वर्षं काढलेल्या मुलालाही कित्येकदा ठाऊक नसतं.

त्यात भर म्हणजे चित्रं. गोरा चेहरा, निळे डोळे, डोक्यामागे सोनेरी वलय. मूल बघतं आणि मनात म्हणतं, हे कोणीतरी लांबचे आहेत. तोंडाने ते काही बोलत नाही, पण ठरवून टाकतं.

आपण काय करतो? इंटरनेटवरून तेच चित्र छापून घेतो आणि रंगवायला देतो. अर्ध्या तासात रंगवून होतं, दाराला चिकटतं, पुढच्या आठवड्यात केरात जातं. मुलाच्या हातून चेहरा रंगला. पण त्या माणसाने केलं काय, ते कळलंच नाही.

म्हणून माझं आजचं सांगणं एका ओळीत बसतं : संताचा चेहरा करू नका, संताच्या हातातली वस्तू करा.

ही कल्पना नवीन नाही. ज्या काळात बहुतेकांना वाचता येत नव्हतं, त्या काळात चर्चमधले पुतळे आणि काचचित्रं वस्तूंवरूनच ओळखली जायची. किल्ल्या दिसल्या की पेत्र. हातात लिलीचं फूल आणि कडेवर बाळ येशू दिसला की अंतोनी. आपल्याकडे वेगळं आहे का? खराटा आणि डोक्यावर गाडगं दिसलं की तिसरीतलं पोरही सांगतं, हे गाडगेबाबा. आणि खराटा म्हटलं की काम आठवतं : गाव झाडणं. वस्तूत कृती असते, चेहऱ्यात ती दिसत नाही.

'संत' या शब्दाबद्दल दोन वाक्यं. कॅथलिक चर्च एखाद्याला संत म्हणून जाहीर करतं ते मृत्यूनंतर, चौकशी करून. आधी 'धन्यवादित', मग 'संत'. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये मारले गेले, १६२७ मध्ये धन्यवादित झाले आणि १८६२ मध्ये संत. म्हणजे मृत्यूनंतर २६५ वर्षांनी! आणि मुलांना हे स्पष्ट सांगा की आपण संतांची पूजा करत नाही. आराधना देवाची, संतांना आपण 'आमच्यासाठी प्रार्थना करा' असं म्हणतो, थोरल्या भावंडाला म्हणावं तसं.

आता वस्तूंकडे येऊ. वर्षभरातल्या चार घेते.

पहिली वस्तू, वही. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये स्थापन झाला आणि त्याचं महामंदिर संत अण्णांच्या नावाने आहे. मराठी मुलाला हे नाव गोंधळात टाकतं. अण्णा म्हणजे आजोबा किंवा थोरला भाऊ! तर ही अण्णा आजी आहे. मरियेची आई, येशूची आजी. बायबलमध्ये तिचं नाव नाही. दुसऱ्या शतकातल्या एका जुन्या ग्रंथातून ती परंपरेत आली. मध्ययुगापासून चित्रकारांनी तिला एका विशिष्ट प्रसंगात दाखवलं : मांडीवर पुस्तक, शेजारी छोटी मरिया, आणि आई तिला वाचायला शिकवते आहे.

२६ जुलैला अण्णा आणि योवाकीम यांचा सण असतो. जुलैचा चौथा रविवार पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून आजी-आजोबांचा दिवस म्हणून ठरवला आहे. त्या आठवड्यात मुलाने पाठकोरे कागद दुमडून, मध्ये सुईदोऱ्याने टाके घालून आठ पानांची वही शिवायची. आणि त्यात आजीने सांगायचं, मुलाने लिहायचं. आपल्यातली कितीतरी कुटुंबं श्रीरामपूर, राहुरी, संगमनेरकडून कामासाठी नाशिकला आली. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला कसं जायचो, बरोबर भाकरी काय बांधून न्यायचो, हे आजीच्या डोक्यात आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही. काही आज्यांना लिहिता येत नाही. तिथे चित्र उलटं होतं, नातवंड लिहितं. चालेल. अण्णांना ते नक्की आवडेल.

दुसरी वस्तू, गोठा. नाताळात घरोघरी ख्रिस्तजन्माचा देखावा करतात. त्याच्यामागे असिसीचे संत फ्रान्सिस आहेत. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यांनी खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणी मांडली. बाळाला किती गैरसोयीत जन्म घ्यावा लागला ते डोळ्यांनी पाहायचं, एवढाच त्यांचा हेतू. आता आपल्या मुलांचं कौशल्य बघा. दिवाळीत ती किल्ला करतात. माती, विटा, गोणपाट, वर पेरलेली मोहरी किंवा अळीव. तेच हात, तीच माती नाताळात वापरा. तयार सेट आणू नका, आणि थर्माकोल तर नकोच, सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. मुलांना फक्त एक प्रश्न विचारा : या गोठ्यात बाळाला काय काय टोचत असेल? थंडी कुठून येत असेल? फ्रान्सिसचा प्रश्न हाच होता. मूल गवत बदलून मऊ ठेवायला लागलं, की समजा संत फ्रान्सिस घरात आले.

तिसरी वस्तू, पत्रावळ. १४ जानेवारीला आपल्याकडे संक्रांत असते. त्याच तारखेला संत देवसहायम यांचा स्मृतिदिन येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्रावणकोरच्या राजाच्या दरबारात काम करणारा हा गृहस्थ. ना धर्मगुरू ना संन्यासी. बायको असलेला संसारी माणूस. १७४५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वरच्या जातीत जन्मूनही सगळ्या जातींच्या माणसांत ते बरोबरीने वावरू लागले, आणि तेही अनेकांना खुपलं. अटक, छळ आणि १७५२ मध्ये गोळ्या घालून मृत्यू. २०२२ मध्ये ते संत जाहीर झाले. भारतातले पहिले प्रापंचिक संत.

चित्रांत त्यांच्या हातापायांत बेड्या दाखवतात. मी मुलांकडून बेड्या करवून घेणार नाही. त्या लोकांनी घातल्या, त्यांनी निवडल्या नाहीत. त्यांनी निवडलं ते माणसांत बरोबरीने बसणं. म्हणून पळसाची किंवा वडाची पानं आणा, बारीक काड्यांनी टोचून पत्रावळी करा, आणि तिळगूळ वाटायच्या दिवशी ज्याला आपण एरवी घरात जेवायला बोलावत नाही अशा कुणाला तरी पंगतीत बसवा. 'कुणाला बोलवायचं?' ही चर्चा मुलांसमोर करा. ती अवघड जाईल, कारण जात चर्चच्या दारापाशी आपोआप गळून पडत नाही. लग्न जमवताना ती आपल्यातही डोकं वर काढते. मुलं ते ऐकतात. या संताची गोष्ट सांगायची आणि पंगत तशीच ठेवायची, तर ती गोष्ट न सांगितलेली बरी.

चौथी वस्तू, घडीचा पंखा. हा गोन्सालो गार्सियांसाठी. सोळाव्या शतकात वसईत जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथली. लहान वयात जपानला गेले, भाषा शिकले, पुढे व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. जपानी उत्तम यायची म्हणून धर्मगुरूंचे दुभाषी झाले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांत हे होते. त्या २६ जणांत बारा ते चौदा वर्षांची तीन मुलंही होती.

जपानी घडीचा पंखा कागदाचा करता येतो. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला जपानी : धन्यवाद, अरिगातो. दुसऱ्याची भाषा शिकणं हेच या माणसाचं काम होतं. वर्गातलं कोणी अहिराणी बोलत असेल, कोणी हिंदी, तर त्याचे दोन शब्द पंख्यावर येऊ द्या.

आता नाजूक भाग. मरणाचं काय सांगायचं? सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला 'राजाला राग आला आणि त्याने त्यांना मारलं, पण त्यांनी येशूला सोडलं नाही' एवढं पुरे. भाला कसा मारला, कान कसा कापला हे सांगू नका; ते मूल रात्री त्याच गोष्टीबरोबर झोपणार आहे. दहाच्या पुढच्या मुलाला पूर्ण सांगा, आणि त्याने 'ते खोटं बोलून सुटले का नाहीत?' असं विचारलं तर घाईने उत्तर देऊ नका. त्याच्या वयाची मुलं तिथे होती, हे त्याला पेलू द्या. आणि एक काळजी घ्या. 'जपानी लोक वाईट' किंवा 'अमुक धर्माचे लोक वाईट' असा अर्थ गोष्टीतून निघता कामा नये. त्या २६ जणांत बहुसंख्य जपानीच होते.

चार वस्तू झाल्या. एक जोड सांगते. नाशिकरोडला फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी बाळ येशूची यात्रा भरते, लांबलांबून लोक येतात. मुलांना सांगा, बाळ येशू हे संत नाहीत, ते स्वतः येशूच. या भक्तीचं मूळ प्रागच्या मूर्तीत आहे. जेमतेम ४७ सेंटिमीटर उंचीची, १६२८ मध्ये कार्मेलाइट मठाला दान मिळालेली. तिथे मूर्तीचे झगे उपासनेच्या काळानुसार बदलतात. संक्रांतीनंतर घरात पतंगाचा कागद उरतोच. त्याचे चार छोटे झगे कापा : आगमनकाळ आणि उपवासकाळासाठी जांभळा, नाताळ आणि पुनरुत्थानासाठी पांढरा, हुतात्म्यांच्या सणांना लाल, सामान्य काळासाठी हिरवा. दर रविवारी मिस्सेवरून आल्यावर मुलाने आजचा रंग लावायचा. महिन्याभरात ते धर्मगुरूंचा झगा बघून काळ ओळखायला लागतं.

हे सगळं टिकायचं असेल तर दोन पथ्यं. वर्षाला चार-पाच संतच घ्या. दर आठवड्याला एक असा सपाटा लावलात तर मुलांना ते प्रोजेक्ट वाटतं आणि रात्री अकराला आईच कात्री घेऊन बसते. दुसरं, वस्तूबरोबर एक काम हवं. वही झाली तर आजीचं ऐकणं, पत्रावळ झाली तर जेवायला बोलावणं. काम झालं नाही तर नुसता कागद उरतो.

आता आलेले काही प्रश्न घेते.

प्रश्न : हरवलेली वस्तू अंतोनी शोधून देतात, परीक्षेला अमुक संत पावतात, असं मुलांना सांगावं का?

प्रार्थना जरूर करू द्या. पण संत म्हणजे सरकारी खाती नव्हेत, की हरवलं तर या खिडकीवर आणि परीक्षा असेल तर त्या. अंतोनींना हाक मारायची तर त्यांनी गरिबांसाठी काय केलं तेही सांगा. नाहीतर पेन्सिल सापडली नाही की संतही खोटे ठरतात.

प्रश्न : शेजारची हिंदू, मुस्लिम मुलं खेळायला येतात. त्यांना यात घ्यावं का?

गोठ्याची माती कालवायला मुलं लागतातच! येऊ द्या. गोष्ट सांगा, प्रार्थनेला बसवू नका, आणि त्यांच्या घरी काय करतात ते आपल्या मुलाला ऐकू द्या. निवृत्तिनाथांच्या यात्रेची गोष्ट तिकडून आली तर ती ऐकण्यासारखीच आहे.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तो कागद कापणार नाही.

नका देऊ कात्री. त्याला कार्लो अक्युतिस सांगा. १९९१ मध्ये जन्मलेला मुलगा, कॉम्प्युटरचा नाद, पवित्र मिस्सेशी संबंधित चमत्कारांची माहिती त्याने वेबसाइटवर गोळा केली, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. २०२५ मध्ये संत जाहीर झाला. त्याच्या हातातली वस्तू कीबोर्ड होती. तुमच्या मुलाला म्हणा, आजीची ती वही टाइप करून दे. मोबाइलवर केली तरी चालेल.