गुंतवणूकदार हा ग्राहक ठरतो काय? : ग्राहक संरक्षण कायद्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम कोणी पतसंस्थेत ठेवतो, कोणी समभागांत गुंतवितो, तर कोणी चिट फंडाचे हप्ते भरतो. रक्कम अडकली की अशा व्यक्तीस ग्राहक आयोगाचा अल्पखर्चिक मार्ग प्रथम आठवतो. परंतु तक्रारदार हा 'ग्राहक'च नाही असे ठरल्यास त्याचे गाऱ्हाणे कितीही खरे असले तरी त्याचा गुणदोषांवर विचार होत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ व्याख्येचा नसून प्रत्यक्ष न्यायप्राप्तीचा आहे.

कायद्यातील व्याख्या

ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ मधील कलम २(१)(ड) ची जागा आता २०१९ च्या कायद्यातील कलम २(७) ने घेतली आहे. हे कलम २० जुलै २०२० पासून अमलात आले. 'गुंतवणूकदार' हा शब्द या दोन्ही व्याख्यांत आढळत नाही. मोबदला देऊन वस्तू अथवा सेवा घेणारी व्यक्ती ग्राहक होय. मात्र पुनर्विक्रीसाठी वस्तू घेणारा आणि व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू वा सेवा घेणारा यातून वगळला जातो. सेवांच्या बाबतीतील हा अपवाद २००२ च्या दुरुस्तीने आला व मार्च २००३ पासून लागू झाला. स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका करण्यासाठी केलेला वापर व्यापारी मानला जात नाही, असे स्पष्टीकरणही कायद्यात आहे. सारांश, प्रत्येक प्रकरणात दोन प्रश्न विचारावे लागतात. येथे वस्तू वा सेवा आहे काय? आणि ती व्यापारी प्रयोजनासाठी घेतली आहे काय?

पहिली कसोटी : वस्तू व सेवा

मॉर्गन स्टॅन्ले म्युच्युअल फंड प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने भावी गुंतवणूकदारास ग्राहक मानण्यास नकार दिला. वाटप होईपर्यंत समभाग अस्तित्वातच येत नाहीत, सबब अर्जाच्या टप्प्यावर त्यांना वस्तू म्हणता येत नाही, हे त्यामागील कारण होय. या निर्णयाचा आधार व्यवहाराचा टप्पा हा आहे. त्यावरून कोणताही गुंतवणूकदार कधीच ग्राहक नसतो, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. वस्तुविक्री कायदा, १९३० मधील मालाच्या व्याख्येत समभागांचा समावेश आहे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

सेवेच्या व्याख्येत बँकिंग, वित्तपुरवठा व विमा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सहकारी पतसंस्था व तिचे सभासद यांच्यातील वाद सहकार कायद्याखाली नेता येत असला तरी ग्राहक मंचाचे दार त्यामुळे बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तिरुमुरुगन सहकारी पतसंस्था प्रकरणात डिसेंबर २००३ मध्ये स्पष्ट केले.

दुसरी कसोटी : व्यापारी प्रयोजन

व्यापारी प्रयोजन हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात (१९९५) सांगितले गेले. मुंबईतील लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात (२०१९) व्यवहारामागील प्रमुख हेतू कोणता, ही कसोटी मांडली गेली. परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांचा नफा कमाविण्याशी प्रत्यक्ष संबंध नाही, असे तेथे ठरले. याउलट २०२२ मध्ये, धंद्याच्या वाढीसाठी बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घेणारा शेअर दलाल ग्राहक ठरला नाही. एप्रिल २०२४ मध्ये भागीदारी संस्थेतील व्याजप्राप्तीसाठी केलेली गुंतवणूक हा व्यापारी व्यवहार मानला गेला. पुढच्याच महिन्यात, श्रीराम चिट्स प्रकरणात, व्यापारी प्रयोजन सिद्ध करण्याची जबाबदारी सेवा देणाऱ्यावर आहे, असे त्याच न्यायालयाने सांगितले.

हे निर्णय एकत्र वाचले असता एक अडचण जाणवते. केवळ व्याज मिळते म्हणून प्रत्येक ठेव व्यापारी ठरविली, तर सेवेच्या व्याख्येतील बँकिंगच्या उल्लेखाला सामान्य ठेवीदारापुरता फारसा अर्थ उरणार नाही. म्हणून परतावा मिळतो की नाही यापेक्षा, बचत करणारा व्यक्तिगत गरजेपोटी सेवा घेत आहे की उद्योगात भांडवल घालून जोखीम पत्करीत आहे, हे पाहणे अधिक सयुक्तिक ठरते.

तक्रारीचे स्वरूप व पर्यायी मार्ग

बाजारभाव घसरल्याने झालेले नुकसान ही सेवेतील त्रुटी नव्हे. मुदत संपूनही ठेव परत न करणे अथवा दलालाने संमतीविना व्यवहार करणे, यांचे स्वरूप मात्र वेगळे आहे. रोख्यांविषयीच्या गाऱ्हाण्यांसाठी सेबीची 'स्कोअर्स' व्यवस्था २०११ पासून उपलब्ध आहे. महाराष्ट्रातील ठेवीदारांसाठी वित्तीय संस्थांतील ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा १९९९ चा राज्य कायदा आहे. ग्राहक आयोगाचा उपाय इतर कायद्यांखालील उपायांना पूरक आहे, हे २०१९ च्या कायद्याचे कलम १०० सांगते. मात्र तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे. चुकीच्या मंचापुढे गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ नुसार वगळून मागता येतो. तथापि गेलेली वर्षे वृद्ध ठेवीदारास परत मिळत नाहीत.

समारोप

गुंतवणूकदार सरसकट ग्राहक ठरत नाही आणि सरसकट वगळलाही जात नाही. कोणती सेवा घेतली, कोणत्या हेतूने घेतली आणि त्रुटी नेमकी कोठे झाली, या तीन बाबी तक्रारीतच स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. वाणिज्य व विधी शाखांच्या अध्यापनात या विषयाचा विचार केवळ व्याख्येच्या पाठांतरापुरता न राहता, योग्य मंच निवडण्याच्या दृष्टीने झाल्यास सामान्य बचतदारास त्याचा प्रत्यक्ष लाभ होईल.