चवळीच्या मुळाशी चाललेला कारभार

दोह्यातील फरीज बिन ओमरान या वस्तीत, हमद रुग्णालयाच्या वर्दळीपासून फार दूर नसलेल्या आमच्या घराच्या गच्चीवर, आश्विनात उन्हाची धग उतरू लागली म्हणजे मी दरसाल चवळी पेरतो; आणि पाण्याची हयगय नसतानाही ती दरसाल पिवळट, हिरमुसलेली राहते. यंदा म्हणून एक साधी परीक्षा मांडली. दोन खोकी इथल्याच फिकट, चुनखडीच्या मातीने सारखी भरली. बियाणेही एकाच पुडीतले. एका वाट्याला तेवढी जिवाणू संवर्धकाची बीजप्रक्रिया केली.

गावाकडे दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅमचे पाकीट लागते; इथे मूठभर दाण्यांना चिमूटभर काळी भुकटी पुरली. गुळाचे पाणी उकळून पुरते गार होऊ दिले, कारण कढत पाण्यात ज्यांची नेमणूक करायची तेच दगावतील. मग त्यात भुकटी कालवून ती दाण्यांवर, साल दुखावणार नाही अशा बेताने, चोळली आणि दाणे सावलीत सुकताच पेरले.

तीन आठवडे दोन्ही खोकी सारखीच निस्तेज दिसत होती. युरियाची चिमूट टाकण्याचा मोह मी आवरला, कारण आयते नत्र मिळाले की झाड जिवाणूंना थारा देईनासे होते. पाचव्या आठवड्यात बीजप्रक्रिया केलेल्या खोक्यावर गडद हिरवी छटा चढली, तेव्हा दोहोंतले एकेक रोप मातीच्या ढेकळासकट काढून बादलीत बुडवले. हिसडले असते तर मुळांवरच्या, जिवाणूंच्या बिऱ्हाडाच्या गाठी मातीतच राहिल्या असत्या. बीजप्रक्रियेविना वाढलेल्या रोपाला दोनतीन पांढुरक्या गाठी. दुसऱ्याच्या सोटमुळाभोवती मात्र ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठींचा घोस. नखाने एक चिरली, तो आत गुलाबी रंग! आपल्या रक्तातील द्रव्याचेच ते भावंड असून, प्राणवायूने बिघडणाऱ्या नत्र-स्थिरीकरणाच्या यंत्रणेस सांभाळणे हे त्याचे काम.

याच देशात, दोह्याच्या दक्षिणेस मेसईद येथे, १९६९ साली स्थापन झालेल्या कतार फर्टिलायझर कंपनीचा कारखाना नैसर्गिक वायूच्या बळावर हवेतील नत्राचा अमोनिया करतो. त्याला शेकडो अंशांचे तापमान आणि प्रचंड दाब लागतो. तेच काम माझ्या गच्चीवर, गच्चीच्याच उष्णतेत, नखाएवढ्याही नसलेल्या गाठीत चालले होते. इंधन म्हणाल, तर पानांनी उन्हात रांधून मुळांकडे धाडलेली साखर. हा रोजमुरा थांबला की कामही थांबते.

परंतु गाठींनी सारीच तक्रार मिटली नाही. हिरव्यागार खोक्यातही कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे लोहाच्या उपासमारीचे लक्षण दिसू लागले. लोह मातीत असते. पण चुनखडी त्याला जणू जप्तीत ठेवते, आणि स्फुरदाचीही तीच गत करते. ती सोडवणारे जिवाणू निराळे: काही सेंद्रिय आम्ले स्रवून स्फुरद विरघळवतात, काही लोहाला पकडणारी द्रव्ये सोडतात. मात्र त्यांना राबायला कुजलेले अन्न हवे, आणि माझ्या खोक्यात तेच नव्हते. चूक ध्यानी येऊन मी दोन ओंजळी शेणखत मिसळले. कस हा मातीच्या अंगी असतो अशी माझी समजूत होती. तो झाड आणि जिवाणू यांच्या देवघेवीतून रोज नव्याने घडतो, हे त्या पिवळ्या पानांनी शिकवले.

शेंगा उतरल्यावर वेल जमिनीलगत कापले, मुळे मातीतच ठेवली आणि वर मेथी फेकली. मेथीचे जिवाणू वेगळ्या गटाचे; चवळीच्या चाकरांशी तिची ओळख नाही. तरी कुजणाऱ्या मुळांतून सुटणारे नत्र तिला वारसाहक्काने मिळेलच.