आकाशातील तापमापक

आजारी माणसाचा ताप सकाळी एका तापमापकाने पाहिला आणि तो फुटल्यामुळे संध्याकाळी दुसऱ्याने पाहिला, तर ताप उतरला की केवळ तापमापक बदलला, हे कसे सांगावे? वातावरणाची उष्णता उपग्रहांवरून मोजणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

हवेतील प्राणवायू डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मलहरी सतत बाहेर टाकीत असतो. हवा जितकी उष्ण, तितक्या ह्या लहरी प्रबळ. त्यांच्या प्रबलतेवरून जे तापमान काढतात, त्यास दीप्तितापमान म्हणतात. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या टायरॉस-एन ह्या उपग्रहावर अशा लहरी मोजणारे यंत्र होते. उपग्रहाचे आयुष्य थोड्या वर्षांचेच. म्हणून ते यंत्र पुढे एकामागून एक आणखी आठ उपग्रहांवर पाठवावे लागले.

ही यंत्रे एकाच नमुन्याची, तरी एकाच हवेकडे पाहून ती सारखा आकडा देत नाहीत. प्रत्येक यंत्र वारंवार एकदा थंडगार अवकाशाकडे आणि एकदा उपग्रहावरच बसविलेल्या, ज्ञात उष्णतेच्या वस्तूकडे पाहून आपले माप पडताळून घेते. तरीही अंशाच्या काही दशांशांचा फरक उरतो. एरवी त्याची कोणी पर्वा केली नसती. परंतु जी तापमानवाढ शोधावयाची, तीच मुळी दहा वर्षांत एखाद-दोन दशांश अंशांची! म्हणून जुना उपग्रह चालू असतानाच नवा सोडतात. काही काळ दोघेही एकच पृथ्वी न्याहाळतात. त्यांच्या आकड्यांतील अंतर काढून ते वजा केले, की नोंदींची साखळी जुळते. नोआ-९ आणि नोआ-१० ह्यांना मात्र असा सहवास थोडे महिनेच लाभला, आणि तो दुवा कच्चा राहिला.

१९९० मध्ये हंट्सव्हिल येथील रॉय स्पेन्सर व जॉन क्रिस्टी ह्यांनी अशी साखळी प्रथम प्रसिद्ध केली. तीत पहिल्या दहा वर्षांत म्हणण्यासारखी तापमानवाढ दिसत नव्हती. जमिनीवरील तापमापक तर वाढ दाखवीत होते. मग खरे कोण?

१९९८ मध्ये फ्रँक वेंट्झ व मॅथियस शाबेल ह्यांनी दाखविले, की अतिउंचावरील विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह हळूहळू खाली येतात. यंत्र तिरपेही पाहत असल्याने उंची घटताच त्याच्या दृष्टीचा कोन बदलतो आणि खालची हवा थंड होत असल्याचा भास होतो. शिवाय एखाद्या स्थळावरून दुपारी जाणारा उपग्रह काही वर्षांनी तेथून सायंकाळी जाऊ लागतो. दुपार आणि सायंकाळ ह्यांतील फरक मग हवामानातील बदल म्हणून नोंदला जातो. हंट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी ह्यासाठी दुरुस्ती केली होती; पण ती अधिकाच्या जागी उणे धरली गेली होती, असे २००५ मध्ये कार्ल मिअर्स व वेंट्झ ह्यांनी दाखवून दिले. स्पेन्सर व क्रिस्टी ह्यांनी ती चूक मान्य केली, आणि त्यांच्या नोंदींतील वाढ दर दहा वर्षांस सुमारे ०.०९ अंशावरून ०.१२ अंशावर गेली.