झिंगे, चेनिन आणि सावजीचा हट्ट

सकाळी सहा. मे महिन्यात भंडाऱ्यात झिंगे घ्यायचे तर ऊन चढायच्या आत. नंतर बर्फाचं पाणी होतं आणि झिंग्यांचा वासच भाव सांगतो. आज मला वैनगंगेचे पाहिजेत, तेही एका मापाचे. "आज काहून निवडून राहिले जी?" ढिवरीण विचारते. सांगतो, एका गुरुजींच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, रात्री आमच्याकडं जेवण आहे. ती वरून दोन झिंगे टाकते आणि म्हणते, काकूला द्या.

आठ. मसाला भाजायला घेतला. या जेवणाचं खरं भांडण फोनवर आधीच झालंय. गुरुजींचा मुलगा पुण्यात असतो. प्रत्येक पदार्थासोबत वेगळी वाइन, असं त्याच्या डोक्यात आहे. मटणाला रेड, मासोळीला व्हाइट हा तक्ता त्यानं कुठूनतरी उचललेला. वर हट्ट असा की मटण सावजीच पाहिजे, कारण बाबांना तेच आवडतं. त्याला सांगितलं, रेड वाइनचा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. सावजीच्या तर्रीवर तो बसला की वाइन कडू लागते, आणि तिच्यातलं अल्कोहोल मिरचीची आग आणखी भडकवतं. त्या तक्त्यातलं मटण भाजलेलं असतं, मीठ-मिरीचं. आमच्या मटणात भिवापुरी मिरची असते. तक्ता चुकीचा नाही, तो दुसऱ्या चुलीसाठी लिहिलेला आहे.

तोड अशी निघाली: सावजी होईल, पण वाटीभर, शेवटी, आणि तिच्यासोबत ताक. वाइनसोबतचं मटण वेगळं, भाजलेलं खोबरं आणि खसखस, मिरची नावाला.

साडेअकरा. झिंगे सोलून, हळद-मीठ लावून ठेवले. यांना मसाला कमीच: लसूण, जरा आंबट कैरी, वरून सांबार. (पुणेकर मुलाला सांगून ठेवलंय, आपल्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीची वाट पाहू नये.) यांच्यासोबत नाशिकची चेनिन ब्लां. द्राक्ष मूळ फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं. आपल्याकडं राजीव सामंत यांनी 1997 मध्ये नाशिकला ते लावलं, सोबत सोव्हिन्यों ब्लां. त्यांच्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या 2000 मध्ये बाजारात आल्या. नाशिकची चेनिन बहुधा किंचित गोडसर असते. गोडव्यानं तिखट निवतं, आंबटपणानं झिंग्याची चव वर येते. माझ्या मते विदर्भाच्या ताटाला चालणारी ही पहिली वाइन, बाकी सगळ्या तिच्या मागं.

दोन. बाहेर पारा पंचेचाळिसाकडं सरकतोय, स्वयंपाकघराचं तर विचारू नका. रेड वाइन 'रूम टेंपरेचरला' द्यावी असं म्हणतात. ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. भंडाऱ्याच्या खोलीत ठेवलेली शिराझ मे महिन्यात काढ्यासारखी लागते. म्हणून रेडसुद्धा फ्रीजमध्ये, वाढायच्या पाऊण तास आधी. चेनिन उलट, बिअरच्या कूलरमधून थोडी आधी काढायची. फार गार झाली की तिला वासच राहत नाही.

चार. कागदपत्रं. परमिट रूमचं लायसन्स आमचं आहे, त्यामुळं माल ठोक विक्रेत्याकडूनच आणि प्रत्येक बाटली रजिस्टरला. 1949 च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना काउंटरवर मिळतो, किंमत चहापेक्षा कमी. काकूंच्या नावाचा भरून ठेवला. आयुष्यभर हळदीकुंकवाच्या याद्यांत आलेलं नाव सरकारी दारूच्या कागदावर लिहिताना वेटर पोरगा हसत होता.

सहा. मावशी आल्या. लंबी रोटी त्यांच्याशिवाय कोणाला जमत नाही: पातळ सैल कणीक हातावर लांबवून पालथ्या मडक्यावर टाकायची, मडकं तापलेलं, हात उघडा. शेजारी चिन्नोर शिजतोय. या तांदळाचा वास आला की त्याला दुसऱ्या कुठल्या सुगंधाची जोड द्यावीशी वाटत नाही. भातासोबत वाइन नाही, हे मी मुलाला न विचारताच ठरवलं.

आठ. मंडळी आली. सुरुवात लाखोळीच्या डाळीचे वडे आणि नाशिकची फेसाळ ब्रूट. तळलेल्या, खारट पदार्थावर बुडबुडे आणि आंबटपणा जीभ धुऊन काढतात. हे सांगावं लागलं नाही, ताटली आपोआप रिकामी झाली. झिंगे आणि चेनिन आले तेव्हा टेबलावरचं बोलणं थोडं थांबलं. काकूंनी पेला नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "पेरूवाणी वास येते." चेनिनच्या बाबतीत जाणकारही बरेचदा असंच काही म्हणतात, फक्त जास्त पैसे घेऊन.

शिराझ मटणासोबत बरी गेली, पण गुरुजींनी पेला बाजूला सारून सावजीची वाटी मागवली. डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम, तोंडावर समाधान. ताक संपलं.

दहा. गोड. इथं मी थोडा हट्ट केला होता. वाळलेली मोहफुलं तुपात परतून, तीळ-गुळासोबत, आणि लेट हार्वेस्ट चेनिन: द्राक्षं वेलीवरच उशिरापर्यंत ठेवून, साखर वाढली की तोडलेली. मोहाचा जड, मधासारखा वास आणि त्या वाइनचा गोडवा एकमेकांत मिसळले. मुलगा म्हणाला, मोहाचीच दारू का नाही देत? या जिल्ह्याची जुनी दारू तीच, तिच्यासोबत काय खावं हे गावागावांत माहीत आहे. पण माझ्या रजिस्टरला ती कुठल्या रकान्यात लिहू? नाशिकच्या बाटलीला राज्य सरकारनं 2001 मध्ये धोरण दिलं. मोहाच्या वाट्याला बहुतेक धाडीच आल्या. हे मला पटत नाही, पण लायसन्स मला टिकवायचंय.

साडेअकरा. बिल झालं, उरलेल्या बाटल्या रजिस्टरला चढल्या, मावशी रोटीचं पीठ झाकून गेल्या. शेजारच्या टेबलावरच्या तुमसरच्या राइस मिलवाल्यानं जाताना विचारलं, ती पिवळी कोणती होती जी, पुढच्या महिन्यात आमच्या घरी कार्यक्रम आहे. चेनिनचं नाव लिहून दिलं. आणि विचारलं, मटण कसं पाहिजे?

"सावजीच पाहिजे," तो म्हणाला.