ऑफर लेटर हातात, पण मन मानत नाही

गेल्या भागानंतर इंदूरच्या एका तरुणाने विचारलं, "सर, पगार दीडपट मिळतोय, तरी मन मागे ओढतंय. नोकरी घेऊ का?" घे किंवा घेऊ नकोस, हे मी सांगणारा कोण? पण मन कशामुळे मागे ओढतंय हे शोधता येतं. ते कसं, एवढंच आज सांगतो.

सैन्यात निर्णयाआधी ‘अप्रिसिएशन’ लिहायला शिकवतात. आधी उद्दिष्ट, मग जमीन, वेळ, दोन्हीकडचं बळ, मग उपलब्ध मार्ग, शेवटी योजना. त्यात प्रत्येक मुद्द्यापुढे "तर मग?" विचारावं लागतं. "समोर नाला आहे" एवढं लिहून भागत नाही. नाला आहे, तर गाड्या कुठून जाणार? "कसंतरीच वाटतंय" हे त्या नाल्यासारखंच अर्धवट वाक्य आहे.

मी चोपन्नाव्या वर्षी कर्नल म्हणून निवृत्त झालो. मुलीचं शिक्षण बाकी, सरकारी क्वार्टर सुटलेलं. एका खाजगी सुरक्षा कंपनीने मोठं पद देऊ केलं. गाडी, फ्लॅट, सगळं. तरी सहीला हात उचलेना. रात्री वहीत उभी रेघ मारली. डावीकडे शंका, उजवीकडे त्या शंकेचं उत्तर कोणाकडे आहे ते.

चौतीस वर्षांच्या पोराला ‘सर’ म्हणायचं? उत्तर माझ्याकडेच होतं, तो निव्वळ ताठा. एक्सेल येत नाही? शिकता येतं. पुणे सोडायचं? ते बायकोकडे. ती म्हणाली, "इतक्या बदल्या केल्या, आता ही एक काय जड आहे?"

चौथी शंका वेगळी होती. मुलाखतीत मी गार्डच्या प्रशिक्षणाबद्दल विचारलं आणि समोरच्यांनी चहा मागवला. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 चा कायदा आहे. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानावर शिकवायचं असतं. माजी सैनिकाला 40 आणि 16. या शंकेचं उत्तर कंपनीकडे होतं, म्हणून सरळ फोन केला. प्रशिक्षण कुठे होतं? "सर, सर्टिफिकेटं तयार असतात. तुमची फक्त सही लागेल."

मी नाही म्हणालो आणि सात महिने घरी बसलो. पेन्शन होती म्हणून निभावलं. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, त्याला हे इतकं सोपं नाही, याची मला जाणीव आहे.

मग एका कॉलेजच्या प्रशासनात बोलावणं आलं. पहिल्या तीन शंका जशाच्या तशा होत्या, चौथी नव्हती. रुजू झालो. एक्सेल तिथल्या क्लार्कबाईंनी शिकवलं, आणि माझ्या चुकांवर पोटभर हसल्याही.

तेव्हा इंदूरच्या मित्रा, वहीचं एक पान भर. जी उत्तरं तुझ्या भीतीकडे आहेत, ती बाजूला ठेव. जी कंपनीकडे आहेत, ती माग: तुझ्या आधी या जागेवर कोण होतं, का सोडून गेलं, कामाचे तास किती, नोटीस किती दिवसांची. जमलं तर त्या सोडून गेलेल्या माणसाशीच बोल. तोंडी उत्तर मिळालं तर ईमेलवर मागून घे. आणि ते येईपर्यंत आत्ताच्या नोकरीचा राजीनामा ड्रॉवरमध्येच राहू दे.