नाव नको, गाव विचारा

घरच्या संगणकाचा पंखा अचानक घरघरू लागतो, माउस अडखळतो, आणि आपण कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘डिटेल्स’च्या यादीत ओळखीची नावं दोन-चारच सापडतात. बाकीची सगळी तुटक रोमन अक्षरांची, आणि त्यातलं ‘एसव्हीसीहोस्ट डॉट ईएक्सई’ हे एकच नाव तर पन्नास-साठ वेळा. मग बहुतेक जण ते नाव शोधयंत्रात टाकतात. पहिल्या पानावर कुणी त्याला विंडोजचा आवश्यक भाग म्हणतं, कुणी घातक विषाणू म्हणतं, आणि कुणी ‘दुरुस्ती’चं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगतं. एकाच नावाची इतकी परस्परविरोधी उत्तरं मिळतात, कारण मुळात प्रश्नच चुकलेला असतो. चालू असलेल्या प्रक्रियेची ओळख पटवायची तर तिचं नाव हा सगळ्यांत कच्चा पुरावा आहे. ती कुठून आली, कुणी सुरू केली, तिच्यावर कुणाची सही आहे आणि ती करते काय, हे विचारलं की ओळख पटू लागते.

फाइलला नाव देणं कुणाच्याही हातात असतं, आणि त्याचा फटका दोन्ही बाजूंनी बसतो. २००२ साली एक ईमेल जगभर फिरला. ‘जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई’ नावाची, टेडी बेअरचं चित्र असलेली फाइल तुमच्या संगणकात असेल तर तो विषाणू आहे, अँटिव्हायरसला तो सापडत नाही, लगेच काढून टाका, असं त्यात लिहिलं होतं. लोकांनी शोधलं, अस्वल खरंच सापडलं, आणि ज्याच्या-त्याच्या संगणकात ते असल्यामुळे इशाऱ्यावर विश्वासही बसला. प्रत्यक्षात ती मायक्रोसॉफ्टनेच विंडोजसोबत दिलेली, जावाशी संबंधित निरुपद्रवी फाइल होती. लोकांनी आपल्याच हातांनी ती पुसली आणि इशारा पुढे पाठवला. उलट बाजूचं उदाहरण ‘एलसॅस’चं. लॉगिन आणि पासवर्ड तपासणारी ही विंडोजची महत्त्वाची प्रक्रिया. तिचं पहिलं अक्षर रोमन लिपीतला लहान एल. त्या जागी मोठा आय टाकला की पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी दिसतात. घातक प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ही युक्ती वापरलेली आहे. नावावर भरवसा ठेवणारा माणूस एकदा निरपराधाला शिक्षा करतो आणि एकदा चोराला घरात घेतो.

आता ‘एसव्हीसीहोस्ट’च नीट पाहू. विंडोजमध्ये अनेक सेवा पडद्यामागे चालतात: राउटरकडून पत्ता मिळवणारी, आवाज सांभाळणारी, अपडेट आणणारी. यांतल्या बऱ्याचशा सेवा स्वतंत्र प्रोग्राम नसतात. त्यांना चालवायला कुणीतरी यजमान लागतो. तो यजमान म्हणजे ही प्रक्रिया. पूर्वी एकेका यजमानाकडे सेवांचा अख्खा गट राहत असे, त्यामुळे एक सेवा कोसळली की शेजारणीही कोसळत, आणि मेमरी नेमकी कोण खातंय हे कळत नसे. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, साडेतीन जीबीहून अधिक रॅम असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवांना वेगवेगळे यजमान मिळाले. यादीतली गर्दी वाढली ती यामुळे. पन्नास नोंदी दिसणं हे आजाराचं लक्षण नाही. नोंदीवर उजवी क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. खरा यजमान सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात, सिस्टिम३२ मध्ये राहतो. काही ३२-बिट कामांसाठी त्याची प्रत सिसवाव६४ मध्ये असते. तेच नाव डाउनलोड्समध्ये किंवा टेम्प फोल्डरात सापडलं, तर पुढची शहानिशा होईपर्यंत त्याला संशयितच धरायचं. खेड्यात नवख्या पोराला आधी ‘कुणाचा रे तू?’ असं विचारतात. तोच प्रश्न इथेही लागू पडतो. खऱ्या एसव्हीसीहोस्टची आई ‘सर्व्हिसेस डॉट ईएक्सई’ असते. हे नातं टास्क मॅनेजरच्या यादीत सहज दिसत नाही, पण मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मोफत मिळणारं ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ ते वंशावळीसारखं मांडून दाखवतं. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्सचं हे साधन २००६ साली मायक्रोसॉफ्टने कंपनीसकट घेतलं. फाइलवर प्रकाशकाची डिजिटल सही आहे का, हेही ते तपासून देतं.

यावर जाणकार आक्षेप घेतील की पत्ता, आई आणि सही तिन्ही खरी असूनही फसवणूक होते. हे खरं आहे, आणि झटकून टाकण्यासारखं तर मुळीच नाही. २००८ च्या नोव्हेंबरात पसरलेला कॉन्फिकर हा किडा खऱ्याखुऱ्या एसव्हीसीहोस्टच्या आत सेवा म्हणून शिरत असे. यजमान अस्सल, पाहुणा मात्र खोटा. २०१७ साली सीक्लीनर या साफसफाईच्या लोकप्रिय प्रोग्रामची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या अस्सल सहीनिशीच बाहेर पडली आणि आत घातक कोड होता. कंपनीच्या हिशेबानुसार ती जवळपास २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचली. म्हणजे सही एवढंच सांगते की फाइल कुणाच्या हातून आली. त्या हातांवर कुणी कब्जा केला होता का, हे ती सांगत नाही. पण यातून तपासणी व्यर्थ ठरत नाही, उलट एकाच पुराव्यावर थांबू नये हे ठरतं. कॉन्फिकर वागण्यात उघडा पडत होता: अँटिव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळं उघडेनाशी होत, विंडोज अपडेट बंद पडे. आणि तो ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारं अपडेट २३ ऑक्टोबर २००८ रोजीच, म्हणजे महिनाभर आधी आलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं, त्यांच्याकडे ती वाट बंद होती.

दुसरा आक्षेप सामान्य माणसाचा: अँटिव्हायरस आहे ना, मग मी का बघू? कारण अँटिव्हायरस घातक की नाही एवढंच ठरवतो, आणि अनोळखी प्रक्रियांतल्या बहुसंख्य घातक नसतातच. त्या असतात प्रिंटरच्या सीडीसोबत आलेला मदतनीस, केव्हाच काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचा मागे राहिलेला अपडेटर, मोफत प्रोग्रामच्या पाठीवर बसून आलेला टूलबार. त्यांना ठेवायचं की नाही हा निर्णय घरमालकाचा आहे. तो अँटिव्हायरस घेऊ शकत नाही. आणि कधी कधी पंखा फिरवणारा प्रोग्राम अँटिव्हायरसच असतो: ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ ही नोंद म्हणजे विंडोजचा स्वतःचा डिफेंडर. ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’पुढे ९५ चा आकडा पाहून घाबरणारेही पुष्कळ आहेत. तो आकडा प्रोसेसर किती मोकळा आहे ते सांगतो.

या अज्ञानाची किंमत पैशांत मोजावी लागते, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ असं सांगणारे भामटे फोनवर माणसाला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात आणि त्यातल्या लाल-पिवळ्या खुणा दाखवतात. त्या खुणा ठणठणीत संगणकातही शेकड्यांनी असतात. पण ज्याला हे ठाऊक नाही, तो घाबरून संगणकाचा ताबा आणि पाठोपाठ बँकेचा तपशील देऊन बसतो. असं झालंच तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा.

राहता राहिला घाईचा सल्ला: ओळख नंतर, आधी ‘एंड टास्क’ दाबा. सीएसआरएसएससारखी मूलभूत प्रक्रिया अशी मारली तर विंडोज तिथल्या तिथे कोसळतं. आणि खरोखर घातक प्रोग्राम बऱ्याचदा शेड्यूल्ड टास्कमधून किंवा सेवा म्हणून पुन्हा उभा राहतो. आपल्या हाती फक्त पुसलेला माग उरतो. म्हणून संशय पक्का झाला की आधी इंटरनेट तोडा, फाइलचं नाव आणि पूर्ण पत्ता कागदावर उतरवून घ्या, आणि विंडोज सिक्युरिटीमधली डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवा. ती संगणक पुन्हा सुरू करते आणि नेहमीचं विंडोज जागं होण्याआधीच डिस्क तपासते, त्यामुळे विंडोजच्या आडोशाला लपलेल्याला तिथे लपता येत नाही. तिला साधारण पंधरा मिनिटं लागतात.